चेंबरमध्ये माणूस उतरवू नका, कामटी घाला

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या अंकात नालेसफाईच्या बातम्या सुरू होतात. नाग नदीतला गाळ किती निघाला, पिवळी नदीचं काम कुठवर आलं, पोहरा नदीत पोकलेन कधी उतरणार, हे सगळं मी रोज वाचते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि काठच्या वस्त्यांत लोकांच्या घरात पाणी शिरलं. ते पाहिलेल्या नागपूरकराला या बातम्यांचं मोल वेगळं सांगायला नको. पण फाटकाच्या आतल्या नालीबद्दल कुठेच काही वाचायला मिळत नाही. मोरीपासून सरकारी गडरलाईनपर्यंत, म्हणजे गटाराच्या मुख्य नळीपर्यंत जाणारी ती वीस-पंचवीस फुटांची नळी घरमालकाची असते आणि ती मोकळी ठेवणं हे त्याचंच काम असतं. ती तुंबल्यावर आपण काय करतो, त्याबद्दल मला लिहायचं आहे.

मी नंदनवन भागात राहते आणि घरूनच खानावळ चालवते. सकाळ-संध्याकाळ डबे जातात, आठवड्यातून एकदा सावजी रस्सा असतो. तर्रीची पातेली, भाताची कढई, कणकेची परात असं सगळं मागच्या मोरीत धुतलं जातं आणि ते पाणी सांदवाडीतून पुढच्या चेंबरला येतं. त्यामुळे नाली कशी तुंबते, कुठे तुंबते आणि कशी मोकळी होते, हे मला चारचौघींपेक्षा जरा जास्त पाहायला मिळतं.

आमच्या ओळीत कोणाचं चेंबर भरलं की पहिला प्रश्न असतो, "माणूस कोण आहे वळखीचा?" नाली मोकळी करायची कामटी, म्हणजे बांबूची लांब पट्टी, कुठे आहे, झाकण कसं उघडायचं, हे कोणी विचारत नाही. मागच्या थंडीत मी स्वतः झाकण उघडून उभी होते तर शेजारचे भाऊ भिंतीवरून म्हणाले, "कायले हात घालता त्याच्यात, वहिनी? एक पोरगा आहे, उतरते तो अंदर. दोनशे रुपये अन् एक क्वार्टर, झालं काम." ते भाऊ वाईट नाहीत. अडीनडीला आधी तेच धावून येतात. पण माणसाला दारू पाजून दुसऱ्याच्या घाणीत उतरवायचं, हे त्यांना नळाचा वायसर बदलण्याइतकं साधं वाटतं, आणि तसं वाटणारे ते एकटे नाहीत. खरं सांगायचं तर या सवयीच्या मुळाशी जातिव्यवस्था आहे. हे काम 'त्यांचं', आपलं नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, जिथे 14 ऑक्टोबर 1956 रोजी लाखो माणसांनी बाबासाहेबांच्या मागे जाऊन हेच जोखड फेकून दिलं, त्या शहरात तरी हे चालू नये.

कायद्यालाही ते मान्य नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने सुरक्षेची साधनं न देता कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी केली. ही बंदी महापालिका आणि ठेकेदार यांच्यापुरती नाही, कोणत्याही व्यक्तीला ती लागू आहे, म्हणजे घरमालकालाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात गटारात मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. दोनशे रुपये आणि एक क्वार्टर असा भाव करणाऱ्यांनी हा आकडा एकदा लक्षात घ्यावा.

मला हे काम शिकवलं ते सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी. आमच्या गल्लीच्या टोकाला ते राहायचे. उभी नोकरी त्यांची गडरलाईनवर गेली. ते सांगायचे, "बाई, सडक्या अंड्याचा वास येते तोवर माणूस शुद्धीवर आहे. वास एकदम गेला का समजायचं, आता पळायचं." त्यामागचं कारण मी नंतर वाचलं. कुजणाऱ्या घाणीतून हायड्रोजन सल्फाईड नावाचा वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्याच्या तळाशी बसून राहतो. थोडा असला तर नाकाला झोंबतो आणि जास्त झाला तर वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. माणसाला वाटतं घाण वास गेला, हवा मोकळी झाली, आणि तो आणखी खाली वाकतो. एक जण पडला म्हणून दुसरा उतरतो, तोही पडतो. सोबत मिथेनही असतो, म्हणून उघड्या चेंबरजवळ बिडी-काडी पेटवायची नाही.

घरचं चेंबर दोन-अडीच फूट खोल असतं, त्यात कोणाला उतरायची गरजच पडत नाही. सगळं काम काठावर उभं राहून होतं. सेप्टिक टँकची गोष्ट निराळी. बेसा, हुडकेश्वरकडच्या बऱ्याच लेआउटमध्ये अजून तेच आहेत. त्यांचं झाकण घरच्या माणसाने काढूच नये, ओढून घेणारी गाडी बोलवावी आणि तीही टाकी ओसंडण्याची वाट न पाहता दोन-तीन वर्षांनी नेमाने.

आता नालीकडे येते. आधी सगळ्या चेंबरची झाकणं सब्बल घालून थोडी सरकवायची आणि दूर व्हायचं. मुलं-बाळं घरात. दहा-पंधरा मिनिटं हवा खेळू द्यायची. मग पाहायचं की कोणतं चेंबर भरलेलं आहे आणि कोणतं कोरडं. घराजवळचं भरलं आणि पुढचं कोरडं असेल तर अडथळा त्या दोघांच्या मधल्या नळीत आहे. सगळीच भरलेली असतील, शेजाऱ्यांचीही भरलेली असतील, तर सरकारी लाईन तुंबली आहे. तिथे आपण कितीही बांबू घातला तरी उपयोग नाही, तक्रार नोंदवून मशीनच बोलवावी लागते. आणि चेंबर सगळी कोरडी असून मोरीतच पाणी उभं राहिलं असेल तर अडथळा मोरीच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात आहे, अंगण उकरायची गरजच नाही. एवढं पाहिलं तरी निम्मं काम झालं. आमच्याकडे मिस्त्री येतो तो न पाहता आधी फरशी फोडायला घेतो.

कामटी बुरडाकडून घ्यावी. ओल्या बांबूची, दीड-दोन इंच रुंद, पंधरा-वीस फूट लांब. वाळलेली कामटी वळणावर कडकन मोडते आणि तुकडा आतच राहतो, म्हणून जुनी असेल तर रात्रभर भिजवून घ्यायची. टोक गोल तासलेलं हवं. टोकाला चिंधी बांधायची काहींना सवय असते, ती बांधू नये. चिंधी आत सुटली तर तिचाच बोळा बसतो. बाजारात एकमेकांत फिरवून जोडायच्या सळयाही मिळतात. त्या वापरायच्या तर फिरवायच्या फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, उलट्या फिरवल्या की आतल्या आत सांधा सुटतो आणि सळई नळीतच राहते.

मी कामटी भरलेल्या चेंबरमधून खाली घालते. कोरड्या चेंबरमधून वर घातली तरी चालते, पण अडथळा सुटला की अडलेलं सगळं पाणी त्या बाजूला धाडकन येतं, तेव्हा तोंड समोर नको. कामटी एकदम दामटायची नाही. हातभर आत, वीतभर मागे, असं करत जायचं. ती अडथळ्याला लागली की हाताला कळतं. वीट किंवा सिमेंटचा तुकडा असेल तर ठक्क लागते, चरबी असेल तर रुतते आणि मागे ओढताना चिकटून येते. पिंपळा-उंबराचं मूळ असेल तर पुढे जाते पण स्प्रिंगगत परत ढकलते. मूळ असेल तर कामटीने तात्पुरती वाट होईल, पण ती नळी आज ना उद्या उघडून सांधा बदलावाच लागतो.

अडथळा सुटतो तो क्षण ओळखू येतो. भरलेल्या चेंबरच्या पाण्यावर एका कोपऱ्यात भोवरा फिरायला लागतो, खालून घुर्र आवाज येतो आणि भिंतीवरची ओली रेघ दिसता दिसता उघडी पडते. तेव्हा हाताशी पाण्याने भरलेल्या दोन-तीन बकेट तयार हव्यात. त्या एकामागून एक ओतायच्या, म्हणजे सुटलेला गाळ मध्ये बसत नाही. त्याआधीच पुढच्या चेंबरच्या तोंडाला जाळी लावायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. जाळी नसेल तर आपली घाण सरकारी लाईनमध्ये जाते आणि चार घरं पुढे कोणाच्या तरी दारात पुन्हा अडते.

त्या जाळीवर काय येतं ते एकदा प्रत्येकाने पाहावं. आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त येतात त्या तंबाखू-सुपारीच्या खर्‍याच्या पन्न्या. माणूस पन्नी नालीत टाकतो, पाण्याबरोबर ती नळीत जाते, सांध्याला आडवी बसते आणि मग तिच्यावर केस, चहापत्ती, भाताची शितं, नारळाची शेंडी साचत जातं. सॅनिटरी पॅड असतात, लहान मुलांचे वेट वाइप्स असतात, जे पाण्यात विरघळतच नाहीत. आणि या सगळ्याला धरून ठेवणारी चरबी. नळीच्या आतल्या बाजूने तिचा पिवळट पांढरा थर बसतो, साबणाच्या वडीइतका घट्ट. नखाने खरवडला तर वाकडा सोलून निघतो.

तो थर खरोखर अर्धा साबणच असतो. आमच्याकडे बऱ्याच घरांत बोअरचं पाणी वापरतात आणि ते जड असतं. त्यातल्या कॅल्शियमशी साबण मिळाला की पाण्यात न विरघळणारा चोथा होतो, तो तेलाबरोबर नळीला धरतो. लोकांना वाटतं नाल्या पावसाळ्यात तुंबतात. आमची नाली डिसेंबर-जानेवारीतच अडते, कारण तेव्हा नागपूरचा पारा दहाच्या खाली जातो आणि तर्रीचं तेल, वनस्पती तूप नळीत गोठतं. मेमध्ये पंचेचाळीस अंश असताना तेच तेल पातळ होऊन वाहून जातं, फक्त वाहून कुठे गेलं ते आपल्याला दिसत नाही.

म्हणून मी मोरी आणि चेंबरच्या मध्ये विटांची एक लहान टाकी बांधून घेतली. पाणी वरून आत येतं, बाहेर जाणारी नळी मात्र कोपर लावून खाली वळवलेली आहे, तिचं तोंड तळाच्या जरा वर बुडालेलं असतं. तेल वर तरंगतं, गाळ खाली बसतो, मधलं पाणी तेवढं पुढे जातं. आठवड्याला वरचा थर जुन्या झाऱ्याने काढून कागदात गुंडाळून कचरागाडीत द्यायचा. बांधायला एका मिस्त्रीचा एक दिवस लागतो. हॉटेल, खानावळ, मंगल कार्यालय, चाट-समोश्याची गाडी, ज्यांच्या घरी रोज तळण आहे अशा सगळ्यांनी ती करावी, असं माझं ठाम म्हणणं आहे. उरलेलं तळणीचं तेल तर मोरीत ओतूच नये. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून असं तेल गोळा करून बायोडिझेल बनवण्याची योजना चालवली आहे.

अ‍ॅसिडबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण वस्तीतला सगळ्यात सोपा समजला जाणारा उपाय तोच आहे आणि सगळ्यात घातक तोच. अ‍ॅसिड चरबीला काही करत नाही. ते सिमेंट खातं. चेंबरचा गिलावा जातो, जुन्या चिनीमातीच्या नळीचे सांधे उघडतात आणि घाण जमिनीत मुरते. ज्यांच्या अंगणात विहीर किंवा बोअर आहे त्यांनी याचा विचार करावा. अ‍ॅसिड टाकल्यावर वरून ब्लिचिंग पावडर टाकतात, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो छातीत बसतो. कॉस्टिक सोडा पाण्यात पडला की उकळतो, तोंडावर उडाला तर डोळा जातो. आणि त्यानंतर कोणी कामटी घालायला आलं तर त्याच्या अंगावर काय उडणार हे त्याला माहीत नसतं. उकळतं पाणीही प्लास्टिकच्या नळीत ओतू नये, नळी मऊ पडून बसते. हाताला सोसेल इतकं गरम चालतं, तेही चरबी आधी खरवडून काढल्यावर. नाहीतर वितळलेली चरबी दहा फूट पुढे जाऊन पुन्हा गोठते.

काम करताना रबरी हातमोजे आणि गमबूट घालावेत, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या कोणी करावं. चेंबरमध्ये उंदीर असतात आणि त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. नंतर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना नालीचं काम केल्याचं आवर्जून सांगावं. काम टाळलं तरी आजार चुकत नाही. तुंबलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो आणि हत्तीरोग तोच पसरवतो. विदर्भाला तो रोग नवा नाही.

नाली वारंवार त्याच जागी अडत असेल तर नळीचा उतार गेला आहे असं समजावं. चार इंची नळीला साधारण चाळीस फुटांमागे एक फूट उतार लागतो. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि तिच्यात नुसती पुरलेली नळी दरवर्षी थोडी थोडी हलते. मधेच पोट पडतं, तिथे गाळ बसतो. नळीखाली मुरूम किंवा रेतीचा थर दिला नसेल तर कामटी घालून घालून थकाल.

दुसरं कारण गच्चीचं पाणी. बऱ्याच घरांनी गच्चीचा पाईप सरळ गडरलाईनच्या चेंबरला जोडलेला आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सुमारे 2,300 लिटर पाणी होतं. एका ओळीत वीस घरं धरली तर हिशोब वाचकांनीच करावा. सांडपाण्याच्या नळीत हे पाणी मावत नाही, ते उलटं फिरतं आणि सगळ्यात खालच्या घराच्या न्हाणीतून वर येतं. ज्याने पाईप जोडला त्याचं घर कोरडं, ज्याचं जोतं खाली तो रात्रभर बकेटने पाणी काढतो. गच्चीचं पाणी शोषखड्ड्यात किंवा बोअरजवळ मुरवावं. उन्हाळ्यात टँकर मागणाऱ्या वस्तीला ते उपयोगाचंच आहे.

आणि पाणी तुंबतं म्हणून मोरीबाहेरचा गल्ली ट्रॅप फोडून टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती, तसं करू नका. त्या ट्रॅपमध्ये उभं असलेलं दोन इंच पाणीच गटारातला वायू आणि झुरळं घरात येण्यापासून अडवतं. उन्हाळ्यात गावाला जाऊन आलात आणि घरात वास भरला असेल तर ते पाणी आटलेलं असतं. एक बकेट पाणी ओतलं की वास थांबतो.

शहराच्या सांडपाण्यातलं काही भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं. बाकीचं नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या धरणात. तिथल्या पाण्यावर शेती करणारे, मासे धरणारे लोक आहेत. माझ्या मोरीतून सुटलेलं तेल त्यांच्या जाळ्यापर्यंत पोहोचतं.

आता मागणं. सरकारी लाईनमधून काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला जावा. आमच्या गल्लीत मागच्या वर्षी काढलेला गाळ चेंबरशेजारीच ढीग करून ठेवला होता, मृगाच्या पहिल्या सरीत तो होता तिथे परत गेला. तक्रार केली तर संबंधितांनी गाडी नसल्याचं सांगितलं. गाळ काढण्याचा आणि उचलण्याचा ठेका एकच असावा. प्रत्येक झोनमध्ये सळयांचे दोन-चार संच, जाळ्या आणि गमबूट अनामत घेऊन नागरिकांना द्यावेत, म्हणजे कोणाला 'पोरगा' शोधावा लागणार नाही. आणि मे महिन्यात वस्तीवस्तीत जाऊन निवृत्त सफाई कामगारांनी हे काम काठावरून कसं करायचं ते दाखवावं, त्याचं त्यांना रीतसर मानधन मिळावं. हे ज्ञान त्यांच्याइतकं कोणाकडे नाही आणि आजवर आपण त्यांना ते कधी विचारलं नाही. आपल्या दैनिकाने यासाठी एक लहानसा रकाना दिला तर बरं होईल.

माझ्याकडच्या कामट्या आणि लोखंडी जाळी आमच्या वस्तीतल्या कोणालाही नेता येईल, धुऊन परत आणाव्यात एवढंच. तेलाच्या टाकीचं माप हवं असेल तर दुपारी तीननंतर यावं, तोवर डबे गेलेले असतात.

आपली,
खानावळ चालवणारी एक वाचक,
नंदनवन, नागपूर